अंगणात भरलेली समतेची शाळा : ताराबाई मोडक

अमरावती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काही नावं लगेच उभी राहतात. हातात झाडू घेतलेले गाडगेबाबा, खंजिरीवर थाप मारणारे तुकडोजी महाराज, शिक्षणमहर्षी डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख, तपोवनचे दाजीसाहेब पटवर्धन. होस्टेलच्या कुठल्याही पोट्ट्याला झोपेतून उठवून विचारा, यातली दोन-तीन नावं तर तो सांगेलच. पण याच अमरावतीत सून म्हणून आलेली, इथेच संसार मोडलेली आणि इथून बाहेर पडून देशातल्या लहान मुलांच्या शिक्षणाला नवं वळण देणारी एक बाई होऊन गेली. तिचं नाव ताराबाई मोडक. हे नाव मी अकोल्यात बारावीपर्यंत शिकलो तोवर ऐकलं नव्हतं आणि अमरावतीत इंजिनिअरिंगला आल्यावरही दोन वर्षं कुणाच्या तोंडी आलं नाही. लायब्ररीत अनुताई वाघ यांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक हाती लागलं, तेव्हा त्या पुस्तकाच्या पानापानांतून या बाई मला भेटल्या.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात बालवाडीचं काय काम? थर्मोडायनॅमिक्स आणि शिशुगीतं, काही जुळतं का राजेहो? पण मित्रांनो, जरा थांबा. दरवर्षी ३ जानेवारीला आणि ८ मार्चला आपल्या सभागृहात स्त्री-पुरुष समानतेवर भाषणं होतात. आपण टाळ्या वाजवतो, फोटो काढतो, आणि तासाभराने मेसमध्ये जाऊन उष्टं ताट तिथंच टाकून उठतो. सुटीत घरी गेलो की ते ताट बहीण उचलते. भाषण ऐकताना आपण खोटं वागत नसतो, पण विशीत ऐकलेलं भाषण तिसऱ्या वर्षी शिकलेल्या सवयीपुढे टिकत नाही. पाण्याचा तांब्या कुणी आणायचा आणि पाटावर कुणी बसायचं, हे पोरगं शाळेत जायच्या आधीच शिकून बसलेलं असतं. ताराबाईंनी आपलं सगळं आयुष्य नेमकं याच वयाच्या मुलांना दिलं. म्हणून हा लेख.

प्रार्थना समाजाच्या घरातली मुलगी

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव, आई उमाबाई. घर प्रार्थना समाजाचं. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या या समाजाने मूर्तिपूजेपेक्षा प्रार्थनेवर आणि जातीपातीपेक्षा माणसावर भर दिला होता. मुलींचं शिक्षण, विधवांचा पुनर्विवाह या गोष्टी तिथे मानल्या जात होत्या.

त्या काळाचा अंदाज यावा म्हणून एकच गोष्ट सांगतो. ताराबाईंच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतिवय १० वरून १२ करायचं, एवढंच त्या कायद्यात होतं. दोन वर्षांनी वय वाढवायचं म्हटलं तर देशभर केवढं वादळ उठलं! मोठमोठे पुढारी विरोधात उभे राहिले. अशा दिवसांत जन्मलेली ही मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली. आज आपल्या वर्गात मुली असतात याचं आपल्याला काहीच वाटत नाही. त्या वेळी पदवीधर बाई दिसली तर लोक वळून बघत.

अमरावतीची सून

पुढे कृष्ण वासुदेव मोडक यांच्याशी लग्न होऊन ताराबाई अमरावतीला आल्या. मोडक इथे वकिली करत. त्या वेळची अमरावती म्हणजे कापसाची मोठी पेठ आणि वकिलांचं गाव. १८९७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं होतं. दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे देशभर नाव असलेले वकील इथलेच. म्हणजे सून आली ती सुशिक्षित, पुढारलेल्या गावात. पण गाव पुढारलेलं असलं म्हणजे प्रत्येक घराचा उंबरठा रुंद होतोच असं नाही.

हा संसार टिकला नाही. १९२१ साली दोघं कायमचे वेगळे झाले. ताराबाई तेव्हा २९ वर्षांच्या होत्या आणि पदरी एक लहान मुलगी होती. आत काय घडलं त्याच्या चर्चेत मला पडायचं नाही, त्या दोन माणसांचा तो प्रश्न. पण काळ बघा. हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची वाट देशभर मोकळी केली ती १९५५ मध्ये, म्हणजे यानंतर ३४ वर्षांनी. नवऱ्याला सोडलेली बाई ही आजसुद्धा आपल्या वऱ्हाडातल्या गावागावात कुजबुजीचा विषय होते. शंभर वर्षांपूर्वी काय होत असेल? अशी बाई माहेरी एका कोपऱ्यात आयुष्य काढायची. ताराबाईंनी तसं केलं नाही. त्यांनी नोकरी धरली.

ती नोकरी होती राजकोटला, बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात. शिक्षिका तयार करणाऱ्या या संस्थेच्या त्या प्राचार्य झाल्या. मान होता, पगार होता, राहायला जागा होती. कुणीही म्हटलं असतं की बाई आता सुटली, आयुष्य मार्गी लागलं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्लेसमेंट झालं, चांगलं पॅकेज मिळालं, आता काय पाहिजे? पण ताराबाईंचं मन रमेना. शिक्षिका घडवायच्या त्या कुणासाठी? ज्या मुलांसाठी हे सगळं चाललंय त्या मुलाला कुणी जवळून पाहिलंय का? हा प्रश्न त्यांना भावनगरला घेऊन गेला.

मिशीवाली आई

भावनगरला दक्षिणामूर्ती ही संस्था होती आणि तिथे १९२० मध्ये एक बालमंदिर सुरू झालं होतं. ते चालवणारे गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. वकिली सोडून हा माणूस अडीच-तीन वर्षांच्या पोरांमध्ये जाऊन बसला. त्यांना गोष्टी सांगायचा, त्यांची नाकं पुसायचा, त्यांच्याबरोबर नाचायचा. गुजरातेत लोक त्यांना प्रेमाने मूछाळी मा म्हणू लागले, म्हणजे मिशीवाली आई.

हे नाव मला फार आवडलं. थट्टेतून आलं असेल, पण त्यात केवढा मोठा धडा आहे! लहान मुलांचं करणं हे बाईचंच काम, हा समज त्या बालमंदिरातल्या मुलांच्या मनात कसा शिरणार? त्यांच्यासमोर तर झुपकेदार मिशांचा एक पुरुष रोज ते काम करत होता. कुणी त्यांना समानतेवर व्याख्यान दिलं नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि विषय संपला. गाडगेबाबांचंही तसंच नाही का? झाडणं हे बाईचं आणि खालच्या मानलेल्या जातीचं काम, असं मानणाऱ्या आपल्या गावांत एक दाढीवाला पुरुष येऊन आधी रस्ता झाडायला लागायचा, कीर्तन मागाहून. ऐकण्याआधी लोकांना दिसायचं.

१९२३ मध्ये ताराबाई भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. प्राचार्यपद सोडून पोरांच्या बालमंदिरात! त्यांनी गुजराती आपलीशी केली, बालशिक्षणावर त्या भाषेत लिहिलं, संपादन केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मराठी 'शिक्षणपत्रिका' त्यांनी १९३३ पासून चालवली.

बालमंदिराचा पाया होता डॉ. मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत. या बाईंची गोष्ट आपल्या शाखेला जवळची आहे. इटलीत जन्मलेल्या मारियाला लहानपणी इंजिनिअर व्हायचं होतं, म्हणून ती मुलांच्या तांत्रिक शाळेत शिकली! पुढे मन बदललं आणि १८९६ मध्ये ती डॉक्टर झाली, इटलीतल्या पहिल्या मोजक्या स्त्री डॉक्टरांपैकी एक. ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत तिने पहिलं बालगृह उघडलं. मुलांना नीट पाहायचं, टिपून ठेवायचं, साधन बदलून पुन्हा पाहायचं, अशी तिची रीत. आपण प्रयोगशाळेत जे करतो तेच.

या पद्धतीत एक भाग असतो जीवनव्यवहाराचा. मुलांनी काय करायचं? झाडायचं, पुसायचं, पाणी ओतायचं, बटणं लावायची, रुमालाची घडी घालायची, ताटल्या मांडायच्या आणि धुवून ठेवायच्या. त्यासाठी सगळी सामग्री मुलाच्या मापाची. छोटा झाडू, छोटी सुपली, हाताला पेलेल एवढाच तांब्या. आणि ही कामं मुलगा-मुलगी असा फरक न करता सगळ्यांनी करायची. मुलींनी भातुकली आणि मुलांनी मोटार, अशी वाटणी नाही. शिक्षा नाही, बक्षीस नाही, पहिला नंबर नाही. ज्याने सांडलं त्याने पुसायचं, मग तो गण्या असो की गंगी.

बघा मित्रांनो, समानता शिकवायची ही किती साधी तऱ्हा! आणि आदरसुद्धा त्यातच आला. मुलाला मारायचं नाही, त्याच्या कामात उगाच लुडबूड करायची नाही, त्याला अपमानाचं बोलायचं नाही. ज्या मुलाचा मान राखला गेला तेच दुसऱ्याचा मान राखायला शिकतं. घरी थपडा खाणारं पोरगं बाहेर कुणाला तरी थप्पड मारायला शोधत असतं, आणि बहुतेक वेळा ती धाकटी बहीण असते.

दादरहून बोर्डीला

१९३० नंतरच्या वर्षांत ताराबाई मुंबईला परतल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं, त्याच्या जोडीला बालवाडीच्या शिक्षिका घडवणारं अध्यापक मंदिर आलं. काम नावारूपाला आलं. पण त्यांना एक गोष्ट टोचत होती. शिशुविहारात येणारी मुलं बहुतेक मध्यमवर्गातली. मॉन्टेसरीची ती गुळगुळीत लाकडी साधनं महाग. भारत राहतो खेड्यात, आणि खेड्यातल्या आईला ही चैन कशी परवडणार? गांधीजींचाही या महागड्या साधनांवर हाच आक्षेप होता. ताराबाईंनी तो मनावर घेतला.

२४ डिसेंबर १९४५ ला त्यांनी बोर्डी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं (आता पालघर) समुद्रकाठचं गाव. वय ५३. या वयात लोक निवृत्तीचा हिशेब लावतात आणि या बाई दादरची बसलेली घडी मोडून खेड्यात निघाल्या! त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ, वय ३५. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं शिबिर होतं, तिथे दोघींची गाठ पडली. अनुताई बालविधवा. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा सुरूच झाला नव्हता. समाजाच्या हिशेबात दोघीही अपशकुनी. आणि या दोन अपशकुनी बायकांनी पुढे हजारो पोरांना शकुन दाखवला.

बोर्डीत पहिला अनुभव काय आला? केंद्र उघडलं, साधनं मांडली, पण वस्तीतली गरिबांची मुलं फिरकेनात. इंजिनिअरला हे कळेल. डिझाइन कागदावर झकास असतं आणि साइटवर गेलं की चालत नाही. अशा वेळी दोन प्रकारची माणसं असतात. एक जण साइटला शिव्या देतो, दुसरा डिझाइन बदलतो. ताराबाई दुसऱ्या प्रकारच्या. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांकडे जाईल. दलित वस्तीतल्या घरांच्या अंगणात जाऊन त्या दोघींनी मुलं गोळा केली. तोंडं धुतली, केस विंचरले, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी! आज देशभर जो शब्द चालतो त्याचं मूळ या अशा अंगणांत आहे.

साधनंही बदलली. लाकडी ठोकळ्यांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड, बांबूचे तुकडे. मोजायला काय, चिंचोकेही चालतात. पद्धत तीच, खर्च जवळपास शून्य. लो-कॉस्ट डिझाइन हा शब्द आपण प्रोजेक्टच्या अहवालात दहा वेळा लिहितो, ताराबाईंनी ते १९४५ मध्ये करून दाखवलं.

कोसबाडची टेकडी आणि कडेवरचं मूल

१९५७ मध्ये हे काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा वारली आदिवासींचा मुलूख. याच भागात १९४५ पासून गोदावरी परुळेकरांनी वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा केला होता. माणूस म्हणून उभं राहायलाच ज्यांना झगडावं लागलं, त्यांच्या पोरांना शाळेत आणायचं होतं.

इथे ताराबाईंना जे दिसलं ते या सगळ्या चरित्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शाळेच्या वयाची मुलगी शाळेत का येत नाही? आईबापाला शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. भाषण ठोकतो, पोस्टर लावतो. ताराबाईंनी नीट पाहिलं. आई-बाप कामावर जातात. घरी तान्हं मूल असतं. त्याला सांभाळायला कोण? आठ-नऊ वर्षांची थोरली. तिच्या कडेवर मूल आहे म्हणून तिच्या हातात पाटी नाही. मुलगा असेल तर तो गुरं घेऊन रानात जातो. म्हणजे अडचण मनात असेल थोडी, पण व्यवस्थेत जास्त.

मग उपाय व्यवस्थेतच केला. प्राथमिक शाळा, बालवाडी आणि पाळणाघर एकाच ठिकाणी आणलं. याला त्या विकासवाडी म्हणत. थोरलीने येताना धाकट्याला घेऊनच यायचं. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि थोरली वर्गात. कडेवरचं ओझं उतरलं की पोरगी आपोआप पाटी धरते! आणि गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा. गुरं चरतायत, तर शिक्षकच कुरणात गेला. झाडाखाली वर्ग, फांदीला फळा.

मुलगी शिकली पाहिजे असं म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते. पण ती का शिकू शकत नाही ते तिच्या कडेकडे पाहून ओळखणारी ही बाई होती. समानतेचं शिक्षण म्हणजे केवळ चांगले विचार सांगणं नव्हे. ज्याच्यामुळे असमानता रोज घडते तो खिळा शोधून काढणं, हे त्यांच्याकडून शिकावं.

किंमत

चरित्र लिहिताना आपण माणसाला देव करून टाकतो. ताराबाईंना तसं करायचं नाही. लोकांच्या लेकरांना अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या या बाईंच्या घरी स्वतःची मुलगी मोठी होत होती, आई-वडील दोघं वेगळे. गाव बदलत होतं, काम वाढत होतं आणि आईचा दिवस संस्थेचा होता. रत्नाकर मतकरींनी ताराबाईंच्या आयुष्यावरून 'घर तिघांचं हवं' हे नाटक लिहिलं. नावातच सगळं आलं. आई, बाबा आणि मूल, तिघांचं घर.

यावर आमच्या रूममध्ये एकदा रात्री दोनपर्यंत वाद झाला होता. एक मित्र म्हणत होता की जगाची आई होण्यापेक्षा आधी आपल्या लेकीची व्हायला हवं होतं. मी त्याला विचारलं की हाच प्रश्न आपण कुठल्या पुरुषाला विचारतो का? चळवळीसाठी घर सोडलेल्या पुरुषांच्या जयंत्या आपण साजऱ्या करतो आणि त्यांच्या मुलांचं काय झालं ते विचारत नाही. बाईने तेच केलं की लगेच वही काढून हिशेब मांडतो. मित्र गप्प झाला, पण मला वाटतं त्याचंही थोडं खरं होतं. मुलाला दोघं लागतात. एका बाईने घर, नोकरी, लेकरू आणि समाज हे सगळं एकटीने ओढायचं, हीच मुळात चुकीची वाटणी. ती ताराबाईंनी केलेली नव्हती, त्यांच्या वाट्याला आली होती. त्यांच्या बालवाडीत झाडू धरायला शिकलेला मुलगा पुढे बाप होईल तेव्हा ही वाटणी थोडी बदलेल, एवढं त्यांच्या कामातून नक्की निघतं.

१९४६ ते १९५१ त्या मुंबई प्रांताच्या विधानसभेत सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या, वय ८१. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे नेलं, त्या १९९२ मध्ये गेल्या. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ गटांत सुरू केली आणि तिच्या केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या अंगणातलं रोपटं पाहता पाहता एवढं मोठं झालं, पण ते पाहायला त्या नव्हत्या.

आता आपलं काय?

गेल्या वर्षी आमचं रासेयोचं सात दिवसांचं शिबिर दर्यापूरकडच्या एका गावात होतं. आम्हाला अंगणवाडीची भिंत रंगवायचं काम मिळालं. खारपाणपट्ट्यातलं गाव, पिण्याच्या पाण्याची बोंब. अंगणवाडीच्या ताई रोज सकाळी लांबून घागर आणत, मग पोरांचं खाणं, मग वजन-उंची, मग रजिस्टर. आम्ही मुलं भिंतीवर चित्र काढत होतो. एकाने चित्र काढलं, आई चुलीपाशी आणि बाबा पेपर वाचताना. एक चार वर्षांची चिमुरडी ते पाहून म्हणाली की तिचे बाबा पण असेच बसतात आणि मग ती हसली. आमच्यातल्या एका मुलीने ब्रश घेतला आणि बाबांच्या हातातला पेपर पुसून तिथे भाजीची जुडी काढली. दुसऱ्या दिवशी पोरं त्या चित्रापुढे उभी राहून खूप वेळ हसत होती. तिसऱ्या दिवशी हसणं बंद झालं. चित्र नेहमीचं झालं. मला वाटतं, असंच होतं ते. आधी हसू येतं, मग सवय होते.

बालभारतीनेही २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात अशीच चित्रं आणली. घरकामात आईच्या बरोबरीने बाबाही दिसू लागले. तेव्हा त्याची बातमी झाली, चर्चा झाली. भाजी निवडणारा बाप ही २०१९ मध्ये बातमी होते, आणि ताराबाई मुलांच्या हाती झाडू देत होत्या ती गोष्ट त्याच्या कितीतरी दशकं आधीची!

एक गोष्ट अजून खटकते. अंगणवाडी सेविका हे पद आजही बायकांसाठीच आहे. पगार नाही, मानधन. मिशीवाली आई या व्यवस्थेत कुठेच नाही. म्हणजे तीन वर्षांचं मूल पाहतं काय? जेवू घालणारी बाई, नाक पुसणारी बाई, आणि तपासणीला जीपमधून येणारे साहेब, बहुतेक करून पुरुष. शिकवायचं काहीच नाही, तरी ते शिकतं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका मानधनासाठी संपावर गेल्या होत्या, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी त्यांच्याकडे शिक्षिका म्हणून पाहिलं? बहुतेकांना त्या खिचडी वाटणाऱ्या बायाच वाटतात.

शेवटी काम सांगतो, कारण नुसता उपदेश ताराबाईंना चालला नसता. आपल्या वर्कशॉपमध्ये प्लायवूडचे तुकडे, पाइपचे तुकडे, पत्र्याच्या कातरणी दर सेमिस्टरला भंगारात जातात. त्यातून लहान मुलांच्या मापाची साधनं होऊ शकतात. छोटी सुपली, छोटा झाडू, ओतण्याचे पेले, बटणांची चौकट, मोजायच्या पट्ट्या. कडा नीट घासून, रंग बिनविषारी लावून. आमच्या वर्गातल्या सहा जणांनी हा मिनी प्रोजेक्ट घ्यायचं ठरवलंय, आमच्या सरांनी आणि मॅडमनी होही म्हटलंय. पहिला संच त्या शिबिराच्या गावाला जाईल. ज्यांना यायचंय त्यांनी शनिवारी दुपारी वर्कशॉपमध्ये यावं, मुलं-मुली दोन्ही. वेल्डिंग मुलीच करतील आणि झाडून मुलं काढतील असंही नाही, सगळे सगळं करतील.

आणि तोवर होस्टेलच्या मित्रांनो, मेसमधून उठताना आपलं ताट आपणच उचला. दिवाळीच्या सुटीत घरी जाल तेव्हाही उचला. घरात तीन-चार वर्षांचा भाचा किंवा पुतणी असेल, ती टकामका बघत असेल. तिला काही सांगू नका, फक्त तिच्यासमोर ताट घासून जागेवर ठेवा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी